टायगर मॉथची कुंडली मांडताना

इंग्लंडमध्ये आमच्या गटाने सामाईक मालकीत एक टायगर मॉथ, म्हणजे दुपंखी जुनं प्रशिक्षण विमान, घेतलंय. त्याचा इतिहास जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीच्यांना उडवण्यात रस, मला जुन्या कागदांत.

मालकांची नावं झटपट मिळाली. तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाने जुन्या नोंदवह्यांची पानं स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत. हवाई दलातली वर्षं मात्र ‘फॉर्म ७८’ या कार्डावरून लावावी लागली. त्यावर वाक्यं नाहीतच, नुसती आद्याक्षरं आणि तारखा. ईएफटीएस म्हणजे प्राथमिक उड्डाण शाळा, एमयू म्हणजे देखभाल केंद्र. एवढं कळलं की कार्ड बोलायला लागतं. १९५० च्या सुमारास चिपमंक हे नवं प्रशिक्षण विमान आलं आणि अशी मॉथ मोठ्या संख्येने विक्रीला निघाली. आमचंही त्यातलंच.

पण नोंदवही फक्त मालक सांगते, काम नाही. काम लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींच्या वहीत, सापडतं. एका मालकाच्या काळात पानंच्या पानं आठ-दहा मिनिटांच्या उड्डाणांनी भरलेली, एकेका दिवसात कितीतरी. हौसेखातर कोण असं उडेल? बिनइंजिनाचे ग्लायडर वर ओढून न्यायचे आणि लगेच उतरायचं, असाच तो हिशेब दिसत होता. नंतर विमानावरचं कापड उतरवल्यावर शेपटीपाशी, टेलस्किडजवळ (शेपटीखालचा टेकू), बुजवलेली बोल्टची भोकं दिसली. ग्लायडर ओढायचा हुक तिथेच असणार. इंजिनावरचा पत्रा घासताना तर निळ्या रंगाखाली चंदेरी निघाला आणि त्याखाली प्रशिक्षण विमानांचा पिवळा.

मग लोक विचारतात, यात मूळचं किती? धडाचा पोलादी नळ्यांचा सांगाडा बराचसा मूळचा. पंखांचे स्प्रूस लाकडाचे स्पार (पंखांच्या मुख्य तुळया) बदललेले, कापड तर कितीदा तरी. धडातले टाय रॉड, म्हणजे सांगाडा बांधून ठेवणाऱ्या सळया, ठरावीक मुदतीने बदलावेच लागतात, तिथे मूळचेपणाचा हट्ट चालत नाही. अस्सलपणावरून वाद घालणाऱ्यांना मी सरळ लॉगबुक दाखवतो.

एका मालकाच्या काळातलं लॉगबुक गहाळच आहे. विमान कधी विकत घेतलंत तर चावीआधी कागद मागा. (तसं याला चावी नसतेच, प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो.) आता इंजिनाचं लॉगबुक उघडलंय. ते वेगळं असतं, आणि आमचं जिप्सी मेजर इंजिन आधी भलत्याच विमानात होतं असं पहिल्याच पानावर दिसतंय.