सुती माणसं बर्फात

आमच्या यवतमाळकडच्या लेकरांना बर्फ ठाऊक आहे तो दोनच ठिकाणचा. एक गोळ्याच्या गाडीवरचा, दुसरा फेब्रुवारी-मार्चात टिनांवर ताडताड आदळून उभा हरभरा झोपवणारा. म्हणून "बर्फात खेळायला जाऊ" म्हटल्यावर सहा वर्षांच्या पोरीने आधी विचारलं, "आई, डोक्यावर टोपलं न्यायचं का?"

जायचं कधी, यावर घरात बराच खल झाला. मेमध्ये सुट्ट्या असतात आणि इथे पारा पंचेचाळिशीच्या वर, तेव्हा हिमालय आठवणारच. पण त्या दिवसांत मनालीत बर्फ नसतो, तो वर रोहतांगला. ती खिंड ३,९७८ मीटरवर आणि आमचं थंड हवेचं चिखलदरा जेमतेम ११०० मीटर. चार वर्षांच्या पोराला तेवढ्या विरळ हवेत न्यायला माझं मन धजेना. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फ बहुतेकदा मनालीजवळच्या सोलांगपर्यंत, म्हणजे २५०० मीटरच्या आसपास उतरलेला असतो. फरदड, म्हणजे कापसाचा दुसरा बहर, न ठेवता पऱ्हाटी उपटली की आम्हीही मोकळे. शाळा बुडेल, पण अंगणवाडीचा आणि पहिलीचा आठवडा बुडाल्याने कोणाचं कलेक्टरपद हुकत नाही.

नागपूरहून दिल्ली, तिथून रात्रभराची बस. घाटासाठी आवळासुपारी आणि पिशव्या. एवढं ठरायला पाच मिनिटं लागली. आठवडा गेला तो कपड्यांत.

आम्ही कापसाची माणसं. झबली, बनियन, मोजे, गोधड्या, कानाला बांधायचा दुपट्टा, घरात सगळंच सुती. आणि बर्फात नेमकं हेच चालत नाही! सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. उन्हाळ्यात तेच हवं असतं, बर्फात मात्र तो ओलावाच अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. लहानग्यांचं अंग वजनाच्या मानाने उघडं जास्त, म्हणून ती आपल्यापेक्षा लवकर गारठतात. तेव्हा आत अंगाला घट्ट बसणारं थर्मल, मधे लोकरी स्वेटर आणि वर पाणी न शिरणारा सूट. तो सूट आणि गमबूट सोलांगच्या वाटेवर भाड्याने मिळतात. बूट एक नंबर मोठा घ्यायचा, घट्ट बुटात पाय जास्त गार पडतो. हातमोजे प्रत्येकाचे दोन जोड, कारण पहिला जोड दहा मिनिटांत भिजणारच. गॉगल मिरवायला नाही, बर्फावरून उलटणारं ऊन खरंच डोळ्यांना झोंबतं.

आणि सूट चढवण्याआधी दोघांनाही सू करवून आणायची. माझ्या मते अख्ख्या सहलीतलं सर्वात महत्त्वाचं कलम हेच. तरी शेवटची चेन लावली की धाकटा "आई, सू" म्हणणार, हेही मी हिशेबात धरलंय.

खेळ अर्धा तास, मग टपरीत गरम मॅगी, ओठ-बोटं बघायची, रंग ठीक असेल तर पुन्हा अर्धा तास. घसरगाडी भाड्याने घ्यायची नाही. यांनी युरियाची दोन रिकामी पोती धुऊन वाळत घातलीत. आत थोडा पेंढा भरला की बूड गारठत नाही, आणि प्लास्टिक असलं घसरतं म्हणता! खतावर एवढा पैसा जातो, निदान पोत्याचा तरी उपयोग होऊ दे, हे त्यांचं म्हणणं. उतार मात्र लहानच निवडायचा, खाली मोकळं मैदान असलेला, दगड-झाडं नसलेला.

सासूबाई हे सगळं ओसरीवर बसून ऐकत होत्या. "त्या बर्फात काही पिकते का वं?"

"सफरचंद पिकते. थंडी नाही मिळाली तं झाडाले फळ धरत नाही."

हे त्यांना पटलं. झाडासाठी पडणारा बर्फ म्हणजे कामाचा बर्फ. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी बी येतो." सूट घालणार नाही, लुगड्यातच उतरणार, हेही सांगून टाकलं. लुगडं अर्थातच सुती. मी यादीत त्यांच्यासाठी गमबूट लिहिले आणि लुगड्याखालून थर्मल कसं गळी उतरवायचं ते नणंदेला फोन करून विचारलं. ती नुसतीच हसत सुटली.