लिंबाच्या पालवीतील नागअळी : मृगानंतरच्या नोंदी

मृगाच्या सरी पडून गेल्यावर जुळे सोलापुरातील आमच्या अंगणातल्या कागदी लिंबाला नवी पालवी आली आणि तिच्यावर लगेचच चंदेरी, नागमोडी रेघा उमटू लागल्या. उन्हाळ्यात, पारा 40 अंशांपलीकडे असताना, झाडाला कोवळे पानच नव्हते आणि त्यामुळे अळीही नव्हती. ही अळी फायलोक्निस्टिस सिट्रेला या पतंगाची असून स्टेंटन यांनी 1856 मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले होते.

मादी कोवळ्या पानावर सुटे अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी बाहेरची हवा न लागता थेट पानाच्या पापुद्र्याखाली शिरते आणि तेथील पेशी फाडून त्यांतला रस पिते. पान उजेडासमोर धरले, की भुयाराच्या मधोमध विष्ठेची काळी रेघ दिसते. अळी कात टाकत वाढते तसे भुयार रुंदावत जाते, त्यामुळे तिचा सारा प्रवास पानावरच वाचता येतो. मला या अभ्यासातला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

चौथ्या अवस्थेतील अळी काही खात नाही. ती पानाच्या कडेला येऊन रेशीम काढते, त्या ताणाने कड दुमडते आणि त्या घडीत कोष तयार होतो. अळी रसावर जगत असल्याने तोडलेले पान सुकले की तीही मरते. म्हणून पतंग पाहायचा असेल तर कड दुमडेपर्यंत पान फांदीवरच राहू द्यावे आणि मगच झाकणाच्या डबीत ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या पद्धतीने डबीत पतंग बाहेर आले. पंख मिटून बसलेला पतंग जेमतेम 2 मिलिमीटर भरतो. पांढऱ्या पंखांवरील तपकिरी पट्टे आणि टोकाचा ठसठशीत काळा ठिपका भिंगातून फार देखणा दिसतो. घडीतून अर्धवट बाहेर आलेली कोषाची रिकामी साल मात्र नुसत्या डोळ्यांनीही दिसते. अंडे ते पतंग हा काळ तापमानानुसार सुमारे दोन आठवड्यांपासून सात आठवड्यांपर्यंत बदलतो, त्यामुळे प्रत्येक बहराची नोंद वेगळी ठेवणे आवश्यक आहे.

या झाडावर फवारणी केलेली नाही. पुढच्या पालवीत, भुयारात निपचित पडलेल्या अळ्यांची पाने वेगळ्या डब्यांत ठेवून त्यांतून परजीवी गांधीलमाश्या निघतात का, हे पाहणार आहे.