चिंगी आणि अकराव्या मजल्याची लिफ्ट : माझा अनुभव

विक्रोळीला कन्नमवार नगरातली आमची जुनी म्हाडाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तीन वर्षं भाड्याच्या तळमजल्यावर काढली आणि मग नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर घर मिळालं. चिंगी ही आमची कुत्री, जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली जन्मलेली, देशी, आता १७ किलोची. ती आमच्याबरोबर येणार हे ठरलेलंच होतं. लसी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात झाल्या, महापालिकेचं लायसन्स निघालं, घरात घाण न करणं ती चार दिवसांत शिकली. अडलं ते फक्त लिफ्टपाशी आणि साडेचार महिने अडलं. त्यातले निदान दोन महिने एका ट्रेनरच्या एका दुपारीमुळे वाया गेले. तो राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहायला बसलेय.

पहिले तीन आठवडे जिन्यानेच. सकाळ, संध्याकाळ, रात्री, अकरा मजले खाली नि अकरा वर. आईचं वय ६८, तिला चिंगीला खाली नेणं जमेना, माझे गुडघे बोलायला लागले. मग कोणीतरी नंबर दिला म्हणून ट्रेनरला बोलावलं. त्याने आल्या आल्या तिचा छातीवरून बांधायचा हार्नेस काढून ओढली की गळा आवळणारी चोक चेन घातली, म्हणाला, मॅडम, हिला कळलंच पाहिजे घरात बॉस कोण ते, तुम्ही अल्फा व्हा, म्हणजे कळपाचा म्होरक्या. आणि लिफ्ट उघडल्यावर तिला खेचत आत नेलं. ती चारही पाय ताणून बसलेली, नखं ग्रॅनाइटवर घासत होती, दार बंद झालं आणि आतून तिचं ओरडणं मला ऐकू येत होतं. ती परत वर आली तेव्हा लिफ्टमध्ये शू झालेली आणि ती माझ्याकडेही बघेना. ट्रेनर म्हणाला, बघा, आली की नाही. मी त्याला थांबवलं नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने घराचा उंबरठा ओलांडायचंच बंद केलं. म्हणजे आधी नुसती लिफ्ट नको होती, आता पॅसेज नको, पट्टा नको, दाराची कडी वाजली की पलंगाखाली.

त्यानंतर मी वाचायला घेतलं. हे अल्फा प्रकरण मुळात लांडग्यांवरून आलेलं, रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली मांडलेलं. ती कल्पना पुढे नेणाऱ्या डेव्हिड मीच यांनीच नंतर रानातले लांडगे बघितले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. तरी आपल्याकडे ट्रेनर अजून तेच सांगून पैसे घेतात. चिंगी बॉस व्हायला बघत नव्हती हो, ती घाबरली होती आणि सांगतही होती, मला वाचता येत नव्हतं. लिफ्ट जवळ आली की ती जांभई द्यायची, मला वाटायचं झोप आलीय. जिभेने नाक चाटायची, तोंड फिरवायची, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा, मग एकदम जमीन हुंगत बसायची. ही सगळी ताणाची लक्षणं. गुरगुरली तर ओरडू नका, तो तिचा शेवटचा इशारा असतो, तो दाबला की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावू शकतं. आणि आवाजाचंही आहे, आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्यांना साधारण ४५ हजारांपर्यंत, म्हणजे त्या मोटरचं नि दाराचं त्यांना काय काय ऐकू येत असेल.

मग सुरुवात घरातून. दार उघडं ठेवायचं, लांबून लिफ्टचं टिंग वाजलं की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. पहिला आठवडा मी उलटं करत होते, आधी कलेजी दाखवायची आणि मग तिला पुढे न्यायचं, त्यामुळे कलेजी दिसली की तिलाच संशय यायला लागला. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम चुकवू नका. आवाज म्हणजे खाऊ येणार हे तिच्या डोक्यात बसलं की ती टिंग ऐकून माझ्याकडे वळून बघायला लागते, ते दिसलं की एक पाऊल पुढे. आम्हाला दारापासून लिफ्टपर्यंतची बारा पावलं पार करायला पाच आठवडे लागले.

शेजारच्या काकू रोज म्हणायच्या, अगं उचलून ने ना, एकदा आत गेली की जाईल भीती. नाही जात. एकदा गेली होती की आत.

लिफ्टच्या दारात तिचा खरा प्रश्न मला रात्री साडेअकराला कळला. वॉचमन काका तेव्हा दहा मिनिटं लिफ्ट तळमजल्यावर उघडी धरून ठेवायचे, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. लिफ्ट आणि फरशीच्या मधली जी फट असते, तिच्यातून खालचा वारा येतो, चिंगी तिथेच नाक लावून मागे सरकायची. मग आजीची जुनी गोधडी काढली. आठ दिवस घरात त्या गोधडीवरच जेवण, त्यावरच लोळणं, आणि मग तीच गोधडी फटीवरून लिफ्टच्या आत अंथरली. तुकडा आत टाकायचा आणि तिने तो खाल्ला की पुढचा बाहेर, लिफ्टपासून लांब टाकायचा, म्हणजे बाहेर पडायची मोकळीक तिच्याकडे राहते. पट्टा कायम सैल. तिसऱ्या रात्री चारही पाय आत आले आणि मी काकांसमोर रडले.

त्यापुढे दार दोन सेकंद बंद, मग एक मजला, मग दोन. मधे नऊ दिवस चौथ्या मजल्यावरच अडकलो, कारण तिथे कुणाचं तरी पोर सायकल घेऊन धाडकन आत आलं. दोन मजले मागे गेलो, परत चढलो. या सगळ्या काळात फिरायला मात्र जिनाच, सराव सोडून लिफ्टमध्ये न्यायचंच नाही, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात जातं.

याच काळात सोसायटीची नोटीस आली की कुत्र्यांना सर्व्हिस लिफ्ट आणि मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडाला बांधायचं मुसकं, सक्तीचं. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि मझलची सक्तीही करता येत नाही. ती छापून दिली, कमिटीत ठेवतो म्हणाले, तीन आठवडे ठेवलं. मझल शिकवणं चांगलंच आहे, डॉक्टरकडे उपयोगी पडतं, पण जाळीदार टोपलीवालं घ्या, आतून दही लावून हळूहळू सवय करा. कापडी मझलमध्ये कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत, अंग थंड करायचा त्यांचा तोच मुख्य मार्ग आहे आणि आपल्याकडची दमट हवा तर माहीत आहे.

आता आई दुपारी तिला एकटीच खाली नेते. चिंगी आत गेली की वळून आरशाला पाठ टेकून उभी राहते, गोधडी लागत नाही.

एक सांगायचं राहिलं, हे सगळं सुरू करायच्या आधी डॉक्टरांना कंबर आणि पंजे दाखवून घ्या. चिंगीच्या बोटांमधले केस वाढले होते, गुळगुळीत फरशीवर ती घसरायची आणि मला तेही भीतीच वाटत होतं. केस कापल्यावर पॅसेजमधलं तिचं चालणं त्याच दिवशी बदललं.