हेवी लायसन्स ते पार्टीची गाडी : माझा अनुभव

बस चालवायची म्हणून हेवी लायसन्स काढायला निघालेली पोरं मला आधी पगार विचारतात, मग लायसन्सचा खर्च. रात्री झोपायचं कुठे, हे एकही जण विचारत नाही. पार्टीच्या गाड्या, म्हणजे लग्नाला किंवा सहलीला एकाच गटाने भाड्याने घेतलेल्या बस, मारणाऱ्याच्या आयुष्यात सगळ्यात मोठा प्रश्न तोच असतो, म्हणून सुरुवातीपासून सगळं सांगतो.

मी हडपसरला टुरिस्ट टॅक्सी मारायचो. हप्ते फिटले, गाडी विकली आणि बसच्या लाईनीत यायचं ठरवलं. बसचं लायसन्स थेट मिळत नाही. वय वीस पूर्ण लागतं आणि कारचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं लागतं, तेव्हा कुठे ट्रान्सपोर्टचं, म्हणजे भाड्याची गाडी चालवायचं, शिकाऊ लायसन्स (लर्निंग) निघतं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढली. माझ्याबरोबर वेल्ह्याकडचा एक गडी होता. शाळा सहावीतच सुटलेली, पण ट्रॅक्टरवर हात असा बसलेला की मास्तरही बघत राहायचे. अट गेली नसती तर तो आजही दुसऱ्याच्या शेतावर राबत असता.

बाकी कागद सगळ्यांना माहीत असतात. नमुना १-अ वर डॉक्टरांचा दाखला, नमुना ५ वर ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, सारथी या सरकारी वेबसाइटवर अर्ज, संगम पुलाजवळच्या आरटीओत फेऱ्या, पोलीस पडताळणी, ड्रायव्हरचा बॅच (बिल्ला). लर्निंगनंतर तीस दिवसांनी टेस्ट देता येते, पण लर्निंग सहा महिने चालतं. हात बसल्याशिवाय टेस्टला उभे राहू नका. आणि डोळे नीट तपासून घ्या. डॉक्टरांचा सही-शिक्का पाच मिनिटांत मिळत असला तरी समोरच्या लाईटने डोळे दिपत असतील तर स्वतः तोंडाने सांगा. रात्री पन्नास माणसं तुमच्या डोळ्यांवर विसंबून झोपलेली असतात.

टेस्ट पास झालो, पाच वर्षांचं लायसन्स आलं, आणि एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे ट्रायलला गेलो. खरं शिक्षण तिथे सुरू झालं. स्कूलमध्ये मी जुन्या ट्रकवर शिकलो होतो. बसमध्ये पुढचं चाक ड्रायव्हरच्या मागे असतं. वळताना आपण स्वतः कोपरा ओलांडून पुढे जायचं, समोरच्या भिंतीला काच लागतेय असं वाटेपर्यंत थांबायचं आणि मग स्टिअरिंग फिरवायचं. त्याच वेळी गाडीचं शेपूट उलट्या बाजूला बाहेर पडतं आणि तिकडे उभ्या असलेल्या टू-व्हीलरवाल्याला ते कळतही नाही. मला ज्यांच्या हाताखाली दिलं, ते तीस वर्षांचे जुने ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणतात. रिकामी बारा मीटरची गाडी घेऊन मामा मला भल्या पहाटे सदाशिव पेठेत वऱ्हाडाच्या पिकअपच्या जागा दाखवायला न्यायचे. म्हणायचे, "आरशात बघ, आरशात. समोर तर म्हैस पण बघते."

हवेच्या ब्रेकचं शिक्षणही त्यांचंच. सकाळी गाडी चालू केली की हवेच्या दाबाचा काटा वर चढून बझर बंद होईपर्यंत हलायचं नाही. हवेच्या टाकीत साठलेलं पाणी काढायचं. उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की हवा संपत जाते, ब्रेकचे लायनर तापतात आणि तापलेले लायनर धरत नाहीत. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर गाडी आवरणारा ब्रेक) लावून. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सरळ उतार आहे. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रल मारणारे कमी नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच उतारावर एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. मामांनी पहिल्याच फेरीला माझा हात गिअरच्या दांड्यावर ठेवून वर स्वतःचा हात दाबून धरला आणि पूल येईपर्यंत सोडला नाही.

आणखी एक गोष्ट पक्की करून घेतली. आपली गाडी कंत्राटी, एका पार्टीची. वाटेत हात करणाऱ्याला घ्यायचं नाही, मग तो कितीही गयावया करो. परमिटच तसं नसतं, आणि यादीबाहेरच्या माणसाला उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?

मला पहिली मुक्कामाची पार्टी मिळाली ती अष्टविनायकाची. कोथरूडच्या एका सोसायटीतल्या बायका, दोन दिवस, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव करून मुक्काम ओझरला. दुसऱ्या दिवशी ओझर, लेण्याद्री आणि मग थेट खाली कोकणात महड, पाली. शहरात बसलेल्या माणसाला हे दर्शन वाटतं. ड्रायव्हरसाठी तो शेतातल्या अरुंद रस्त्यांचा, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा, पार्किंगच्या भांडणांचा आणि शेवटी दमलेल्या अंगाने घाट चढून परत येण्याचा प्रवास असतो.

मुक्कामाला पार्टी भक्तनिवासात जाते आणि ड्रायव्हर गाडीत राहतो, ही या धंद्यातली जुनी रीत. कुणी मधल्या वाटेत सतरंजी टाकतं, कुणी डिकीत सामानाच्या जागेत शिरतं. डिकीत पडलात तर वरून दिवसभर तापलेला पत्रा, खालून डास, आणि झाकण अर्धं उघडं ठेवावं लागतं कारण हवा नसते. पार्टीचे भजन-गप्पांचे कार्यक्रम बारापर्यंत, पहाटे पाचला काकडआरतीला "ड्रायव्हर काका, दार उघडा". मधे उरतात ते तीन-चार तास, आणि तेही सलग नाहीत.

मामांनी निघताना एवढंच सांगितलं होतं : रात्रीचं जेवण झालं की पार्टीच्या मुख्य माणसाशी तू स्वतः बोल, मालकावर सोडू नकोस. मी तसं केलं. म्हटलं, "काकू, उद्या बोरघाट आहे. मला दहा ते पाच झोप लागेल. गाडीतलं सामान आत्ताच काढून घ्या, मग मी दार लावतो." काकू जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडीत कशाला झोपता? आमच्या खोल्यांत एक मोकळी आहे." रात्री त्यांनी स्वतः येऊन किल्ली दिली आणि सगळ्या बायकांना बजावलं की काकांना कुणी उठवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पालीहून परतताना संध्याकाळी गाडीतून मागणी आली, वाटेत कार्ल्याला एकवीरा पण करूया. मी नाही म्हणालो. पहाटेपासून गाडीवर होतो, अंधार पडत होता. दोघी-तिघी नाराज झाल्या, पण काकूंनी माझी बाजू घेतली.

मला वाटतं, लोक वाईट नसतात. त्यांना ड्रायव्हर गाडीचाच एक भाग वाटतो, डिझेल असलं की चालणारा. त्याला झोप लागते हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

लोकांपेक्षा अवघड असतं ते कंपनीचं वेळापत्रक. आमच्या गाड्या सोमवार ते शुक्रवार हिंजवडीतल्या कंपन्यांना लागतात आणि शनिवार-रविवार पार्टीला. शुक्रवारी रात्रीच्या शिफ्टची माणसं घरी सोडून गाडी पहाटे तीनला डेपोत आली की सहाला तीच गाडी, तोच ड्रायव्हर, महाबळेश्वर. १९६१ साली झालेल्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. इतकी जुनी गोष्ट, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी ती ऐकलेलीसुद्धा नाही. डबल ड्युटीचा भत्ता मिळतो म्हणून पोरं हसत हसत जातात.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला येणारी खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ माणसं गेली. त्या सकाळी माझी आई फोनवर काही बोललीच नाही, फक्त रडली. तेव्हापासून मी गाडी सुटायच्या आधी उभा राहून पार्टीला आपत्कालीन दार आणि काच फोडायची हातोडी दाखवतो. मागच्या सीटवरच्या धडधाकट माणसाला दाराचा खटका स्वतः हाताने फिरवून बघायला लावतो. दोन मिनिटं लागतात. सुरुवातीला लोक चुळबुळ करतात, पण लहान मुलं बरोबर लक्षात ठेवतात.

त्याच महिन्यात मी आणि मामा मालकांकडे गेलो. रात्रीच्या शिफ्टनंतर लगेच पार्टी मारणार नाही, आणि मुक्कामाच्या पार्टीत ड्रायव्हरची खोली बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या, असं सांगितलं. मालक आधी चिडले. खोलीचे पैसे पार्टीला सांगितले तर पार्टी दुसरीकडे जाईल, म्हणाले. मामांनी शांतपणे विचारलं, "शेठ, तुमची पोरं त्या गाडीत असती तर?" खोलीचं त्यांनी मान्य केलं. लांबच्या गाडीला दुसरा ड्रायव्हरही द्यायला लागले. शिफ्टनंतरच्या पार्टीचं मात्र सीझनमध्ये अजून ओढाताण होते आणि दर वेळी नव्याने नाही म्हणावं लागतं.

तुम्ही कुठे ट्रायलला गेलात तर पगार जरूर विचारा. त्याच बैठकीत हेही विचारा : मुक्कामाला ड्रायव्हर कुठे झोपतो, लांबच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर आहे का, रात्रीची शिफ्ट संपल्यावर पुढची ड्युटी किती तासांनी लागते. उत्तर देताना समोरचा हसला तर दुसरी कंपनी बघा, पुण्यात बसवाल्यांची कमी नाही.

मे महिन्याचं बुकिंग सध्या चालू आहे. कोल्हापूर-गणपतीपुळ्याच्या पार्टीने आम्हा दोघा ड्रायव्हरांची खोली लिहून दिली आहे. शिर्डीच्या एका पार्टीचा होकार अजून आलेला नाही, त्यामुळे ती गाडी मी घेतलेली नाही.