वाळकाचं लोणचं आणि कडक भाकरीचा चुरा

आमच्या वरच्या मजल्यावर तीन पोरी राहतात. एक सेलूची, एक किनवटची, एक भोकरची. नीटच्या तयारीसाठी लातुरात आल्यात, दोन वेळचा डबा माझ्याकडंच. घरात मी त्यांना नावानंच हाका मारते, पण इथं गावाच्या नावानं लिहिते. पोरी बायोलॉजी सोडून लोणचं तळायचे व्हिडिओ बघतात हे त्यांच्या आयांना कळलं तर माझी धडगत नाही.

ऑगस्टमधला रविवार होता. टेस्ट देऊन आल्यावर तिघी ओट्यापाशी उभ्या. सेलूवालीनं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. "काकू, हे बघा. लोणच्याची भजी."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोणचं भाकरीसंगं खातेत माय. त्याला कोण तळतंय?"

अमेरिकेत तळतात म्हणे. त्यांचं लोणचं म्हणजे आपल्यासारखं तेलात मुरलेलं, लाल मसाल्याचं नव्हे. मिठाच्या, नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात मुरलेली काकडी. तिच्या चकत्या करायच्या, त्यांना पावाचा चुरा लावायचा आणि तळायच्या. किनवटवालीला प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायची खोड. तिनं तिथंच वाचून दाखवलं, आर्कान्सा राज्यात ॲटकिन्स नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या एका ड्राइव्ह-इन हॉटेलवाल्यानं 1963 साली हे विकायला सुरुवात केली. हॉटेलच्या समोर लोणच्याचा कारखाना होता. मला हे एकदम पटलं. दारात जे पिकतं तेच कढईत पडतं. आपल्याकडं तरी दुसरं काय होतं?

तळण मात्र आमच्या घरात बंद आहे. ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तेव्हा नणंदेनं पुण्याहून एअर फ्रायर पाठवला. चार लिटरचा, काळा, दिसायला हेल्मेटसारखा. वर्षभर मी त्यात फक्त पापड भाजले आणि शेंगदाणे. (शेंगदाणे खरंच झकास भाजतात. चटणीसाठी मी आता कढई काढतच नाही.) बाकी वेळ तो भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला. पोरींना वाटलं, आता त्याला काम मिळालं.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. लोणचं ते लोणचं म्हणून बरणीतल्या कैरीच्या फोडी काढल्या, बेसनात घोळवल्या, टोस्टचा चुरा लावला आणि आत सरकवल्या. चौथ्या मिनिटाला धूर. फोडींना तेल आणि मसाला इतका होता की पीठ धरलंच नाही. पंख्याच्या वाऱ्यानं चुरा सगळा उडाला आणि वरच्या तापलेल्या कॉइलला जाऊन चिकटला. मोहरी-मेथी करपून कडू जहर. यंत्र दोन दिवस फोडणीसारखं वासत होतं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट असतं.

दुसऱ्या खेपेला भोकरवालीनं मॉलमधून घेरकिनची बरणी आणली, बोटाएवढ्या हिरव्या काकड्या, खाऱ्या-आंबट पाण्यात. बरणीवर पत्ता कर्नाटकातला. ह्या काकड्या दक्षिणेत पिकतात आणि बहुतेक सगळ्या परदेशी जातात, आपल्याकडं कोणी फारसं खात नाही. ह्यावेळी मी भज्याचं पीठ भिजवलं आणि चकत्या बुडवून जाळीवर ठेवल्या. पीठ जाळीच्या भोकांतून खाली गळालं. वर राहिल्या नागड्या काकड्या आणि खाली एक भलंमोठं जाळीदार धिरडं. ते धिरडं बाकी चांगलं लागलं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की एअर फ्रायरमध्ये भजी होत नाहीत. कढईत पीठ पडल्या पडल्या गरम तेल त्याला चारी बाजूंनी पकडतं. इथं पकडायला नुसता वारा. पातळ पीठ घट्ट व्हायच्या आत गळून जातं. म्हणून कोरडा चुराच लावायचा, आणि तोही धरेल असा.

तिसऱ्यांदा जमलं, पण टोस्टनं घात केला. आमच्या बेकरीचा टोस्ट गोड असतो, त्यात वेलची. खारट काकडीवर वेलचीचा टोस्ट कसा लागतो हे मला आता माहीत आहे, तुम्ही माहीत करून घेऊ नका.

तेव्हा आत्याबाई उठल्या. डब्यातून कडक भाकरी काढली, हातानं कडाकडा मोडली आणि माझ्यापुढं टाकली. "घे. हिच्याएवढं कडक तुझ्या त्या अमेरिकेत हाय का?"

कडक भाकरी आमच्याकडं, धाराशिवकडं, सोलापूरकडं घराघरात असते. ज्वारीची, पातळ थापलेली, वर तीळ, तव्यावर आणि नंतर विस्तवाच्या धगीला पार वाळवलेली. पापडासारखी मोडते आणि नीट झाकून ठेवली तर कितीतरी दिवस टिकते. मी ती मिक्सरला दोन झटके देऊन फिरवली. जास्त नाही, नाहीतर पीठच होतं. मग चाळून घेतली. वर राहिला जाडा चुरा, खाली पडलं बारीक पीठ, आणि दोन्ही कामाचं निघालं.

नुसत्या भाकरीच्या चुऱ्याचं आवरण मात्र फार टणक झालं. ह्यांची दाढ आधीच दुखत होती, त्यांनी एकच तुकडा तोंडात घालून माझ्याकडं असं बघितलं की दुसरा पुढं केलाच नाही. मग शिळा पाव वाळवून त्याचा चुरा मिसळला. दोन वाट्या भाकरी, एक वाटी पाव. आता तोंडात कुरकुर होते, खडखड होत नाही.

तोवर दसरा आला आणि औशाकडच्या माहेराहून दादा वाळकं घेऊन आला.

ज्यांना वाळूक माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतातली काकडीच, पण बाजारातल्या काकडीसारखी पाणचट नाही. जाड, पिवळसर, सालीवर पट्टे, गर घट्ट आणि थोडा आंबूस. पूर्वी खरिपाच्या ज्वारीत, मुगात वाळकाच्या चार बिया टाकायचे. वेल आपोआप पसरायचा, आम्ही शाळेतून येताना तिथंच फोडून मीठ-तिखट लावून खायचो. आता दादाच्या रानात पाऊस पडला की सोयाबीन. त्यावर तणनाशक मारलं की गवताबरोबर वाळकाचा वेलही गेला. दादानं यंदा हट्टानं बांधालगत दोन तासं, म्हणजे ओळी, हायब्रीड ज्वारीची धरली, त्यात ही वाळकं. पिशवीत आठ होती. चार आम्ही कोशिंबिरीतच संपवली.

उरलेल्या चारांचं मी पोरींच्या व्हिडिओतल्यासारखं लोणचं घातलं. एक लिटर पाणी उकळून गार केलं, त्यात 50 ग्रॅम खडेमीठ. वाळकं धुऊन उभी चिरली, बिया खरवडून काढल्या, अर्धचंद्रासारखे बोटभर जाड काप केले. चिनी मातीच्या बरणीत काप, ठेचलेल्या सात-आठ लसणाच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, चमचाभर मोहरीची डाळ. वरून मिठाचं पाणी, आणि काप वर तरंगू नयेत म्हणून एक वाटी उपडी घालून दाबली. पाण्याच्या वर राहिलेला तुकडा आधी खराब होतो. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं. सेलूवाली घाबरली, पण तिनंच परवा मला लॅक्टोबॅसिलसचा, म्हणजे दही आंबवणाऱ्या जिवाणूंचा धडा वाचून दाखवला होता, म्हटलं हेच ते. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात आमच्याकडं चार दिवस पुरे होतात. पाचव्या दिवशी बरणी फ्रिजमध्ये.

आता खरं काम. ह्या खटाटोपात मी एकच गोष्ट शिकले आणि ती एकदाही कोणत्या व्हिडिओवाल्यानं नीट सांगितली नाही: काप वाळवा. टिपून नाही, वाळवा. खारातला काप बाहेरून कोरडा दिसतो, पण दाबला की पाणी सोडतो. ते पाणी आत वाफ होतं आणि आवरण आतून भिजवतं, मग कितीही वेळ ठेवा, वरून कडक आणि आतून लगदा. मी ह्यांच्या जुन्या धोतराची घडी घालते, त्यावर काप मांडते, वरून दुसरी घडी, त्यावर पोळपाट. अर्धा तास. मग उघडून पंख्याखाली आणखी अर्धा तास. एका बरणीचे पंचवीसेक काप होतात, त्यांनी तेवढ्यात धोतर ओलंचिंब होतं.

मग तीन ताटल्या. पहिलीत चाळून खाली पडलेलं ते भाकरीचं बारीक पीठ आणि तेवढंच कॉर्नफ्लोअर. दुसरीत बेसन, थोडं दही, हळद, तिखट, पाणी घालून धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट. अमेरिकेत इथं अंडं असतं, आत्याबाई माळकरी आहेत, विषय संपला. तिसरीत चुरा. मीठ कशातही घालायचं नाही, काप आधीच खारट. मी एकदा सवयीनं बेसनात घातलं तर पोरी तांब्याभर पाणी प्यायल्या. काप एका हातानं ओल्यात, दुसऱ्या हातानं कोरड्यात, नाहीतर बोटांचीच भजी होतात. चुरा दाबून बसवायचा आणि ताट पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. एवढं थांबलं की वाऱ्यानं उडत नाही.

200 डिग्रीवर तीन मिनिटं यंत्र रिकामं तापवायचं. काप एकाला एक न चिकटता एकाच थरात, म्हणजे माझ्या यंत्रात एका वेळी बारा. वरून तेलाचा फवारा. एकूण दोन चमचे तेल जातं, पण तेवढं लागतंच. तेलाशिवाय केलं तर चुरा नुसता वाळतो, पांढराफटक राहतो, रंग येत नाही. पाच मिनिटं, मग उलटून पुन्हा फवारा, आणखी चार. कढईत घातलं तर दोन मिनिटांचं काम, हे मी मान्य करते. चवीलाही कढईचं कढईच. पण हे खाल्लेलं ह्यांच्या डॉक्टरला सांगता येतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पहिला घाणा निघाला आणि दुसरा आत ठेवल्या ठेवल्या लाईट गेली. किनवटवालीनं उत्साहानं प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डात घातला. यंत्र 1500 वॅटचं, आमचा इन्व्हर्टर दोन पंखे आणि चार दिवे ओढतो. तो असा किंचाळला की शेजारच्या वहिनी कंपाउंडवरून डोकावल्या. "कोणाची गाडी वाजायली हो?" मग त्यांनाही थांबवून घेतलं. लाईट येईपर्यंत बारा काप सात जणांत वाटले. बरोबर दही आणि शेंगदाण्याची चटणी कालवून केलेलं बुडवायला. वरचा चुरा ज्वारीचा म्हणून भाकरीचा भाजका वास येतो, आत वाळूक खारट-आंबट, लसणाचं. वहिनी म्हणाल्या, लोणचं-भाकरीच हाय की ही, नुसती उलटी करून आणली.

आत्याबाईंनी दोन खाल्ले. नंतर बरणी उचलून बघितली. उरलेलं खाराचं पाणी मी मोरीत ओतायला निघाले होते, त्यांनी हात धरला. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं तेव्हापासून ह्या घरात पाण्याचा थेंब त्यांना विचारल्याशिवाय सांडत नाही, तरी मला वाटलं खाराचं पाणी चालेल. नाही. संध्याकाळी त्यांनी ज्वारी-बेसनाच्या पिठात तेच पाणी घालून धपाटे थापले. वेगळं मीठ नाही, दही नाही, लसूण आयता आलेला.

पोरींनी लोणच्याच्या भज्यांचं काय ते कौतुक केलं, पण डब्यात पुन्हा मागितले ते धपाटे. आता धपाट्यांना खाराचं पाणी हवं, म्हणजे बरणी घालायला हवी, आणि वाळकं संपलीत. दादाला फोन केला तर म्हणतो, पुढच्या मृगाला बिया टाकतो. तोवर बाजारातली काकडी घालून बघते. ती पाणचट, तेव्हा धोतराच्या दोन घड्यांच्या जागी चार लागतील.