गिटहबसाठी एसएसएच की: अडतं कुठे?
गिटहब ही गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) जपलेला कोड ठेवायची साइट; तिथे पासवर्डऐवजी तुमची ओळख पटवणारी फायलींची जोडी म्हणजे एसएसएच की. ती बनवणारी कमांड एसएसएच-कीजेन चालवताना कीचा प्रकार ईडी25519 द्या आणि पासफ्रेज (की उघडायचा पासवर्ड) नक्की ठेवा. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढाच आधार. दोन फायली तयार होतात. शेवटी डॉट पब असलेली गिटहबच्या सेटिंग्जमध्ये पेस्ट करायची; दुसरी, म्हणजे खासगी फाइल, कुणालाच द्यायची नाही, टीममधल्यांनाही नाही.

तरी ‘परमिशन डिनाइड’ आलं? खासगी फाइलची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) आहे का पाहा. इतरांना वाचता येणारी की एसएसएच वापरतच नाही. पासवर्ड मागत असेल तर रिमोटचा (गिटहबवरच्या तुमच्या प्रोजेक्टचा) पत्ता अजून एचटीटीपीएसचा असणार, तो बदला. गिटहबने 2021 मध्येच गिटसाठी पासवर्ड बंद केलाय. ऑफिसात नुसतं टाइमआउट होतंय? बहुधा एसएसएचचं नेहमीचं पोर्ट 22 अडवलंय. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहबसाठी होस्टनेम एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम आणि पोर्ट 443 लिहा.