माझा अनुभव : सोलापुरात बसून हिमाखालच्या जमिनीचा अभ्यास

भूगोलाच्या एम.एस्सी.साठी हंगामी हिमाच्छादन आणि जमिनीचे तापमान हा लघुप्रबंधाचा विषय मी मागितला, तेव्हा विभागात अपेक्षित प्रश्न आला : मे महिन्यात अंगाची लाही होणाऱ्या सोलापुरात हिम मोजणार कोण? मोजायचे नव्हतेच, शीत प्रदेशांतील हवामान स्थानकांच्या खुल्या नोंदी वापरायच्या होत्या. आराखडा, सह्या, नोंदणी हे सोपस्कार लवकर उरकले.

वेळ गेला तो हिमाचे भौतिकशास्त्र समजून घेण्यात. ताज्या, भुसभुशीत हिमाची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला ०.१ वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, तर घन बर्फाची सुमारे २.२. म्हणजे अशा हिमाचा ४० सेंटीमीटरचा थर उष्णतेला जेवढा अडथळा करतो, तेवढ्यासाठी जवळजवळ ९ मीटर जाडीचा बर्फ लागेल. मार्गदर्शक बाईंनी डाळिंबाच्या बागेतील पाचटाच्या आच्छादनाची आठवण करून दिली : ते स्वतः उष्णता निर्माण करत नाही, फक्त तिची ये-जा मंदावते.

तरीही हिम म्हणजे ऊब, असे सरसकट लिहिता येत नाही. शरदात लवकर साचलेले हिम उन्हाळ्यात मुरलेली उष्णता जमिनीतच अडवून ठेवते. ते उशिरा पडले, तर उघडी जमीन तोवर गारठून जाते. आणि वसंतात रेंगाळलेले हिम बरेचसे ऊन परतवून, शिवाय वितळण्यासाठी किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता खर्ची घालून, जमिनीला तापू देत नाही. म्हणून तक्त्यात जाडीबरोबर हिम साचल्याची आणि वितळल्याची तारीखही घेतली; माझ्या मते सरासरी जाडीपेक्षा या तारखाच अधिक सांगतात. पुढे शून्याखालील अंश-दिवसांची, म्हणजे रोजचे सरासरी तापमान शून्याच्या जितके अंश खाली गेले त्या आकड्यांची, बेरीज भूपृष्ठासाठी आणि हवेसाठी वेगवेगळी काढून पहिलीला दुसरीने भागले. हे गुणोत्तर १ च्या जितके खाली, तितका हिमाचा आडोसा मोठा.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी या साऱ्याचा उपयोग विचारला. मी आल्प्समधील पद्धत सांगितली : हिवाळ्याच्या अखेरीस, किमान ८० सेंटीमीटर हिम असताना, त्याच्या तळाचे तापमान मोजतात, ते उणे ३ अंशांच्या खाली असेल, तर तिथे कायम गोठलेली जमीन असण्याची शक्यता मोठी मानतात. एवढ्या जाड थराखाली हवेतील रोजचे चढउतार जवळजवळ पोहोचतच नाहीत. त्यावर त्यांनी वाऱ्याने दाबून घट्ट झालेल्या हिमाचे काय, असे विचारले. घनता वाढली की वाहकता वाढते, म्हणून नुसत्या जाडीवरून दोन ठिकाणांची तुलना करता येत नाही, हे उत्तर ऐकून त्यांनी गुणपत्रक पुढे ओढले.